बराखीतली कादंबरी

कादंबरीवर लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो आणि त्याबद्दल माफीही मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करतोय खरा, पण इंग्रजी वाचताना अजून माझे ओठ हलतात, आणि एका पानात पंधरा-वीस शब्द तरी पेन्सिलीने खुणा करून ठेवावे लागतात. सरांनी वार्षिक अंकासाठी ‘तुम्ही वाचलेली आजची अमेरिकन कादंबरी’ यावर लिही म्हटलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा हो म्हणालो, कारण ती कादंबरी मी एकट्याने वाचली नव्हती. ज्यांनी ती माझ्याबरोबर वाचली त्यांच्यापैकी कोणी अंकात लिहिणार नाही.

लेखिकेचं नाव मी इथे देत नाही. त्या हयात आहेत, अजून लिहितात. या लेखात ज्या चुका आहेत त्या माझ्या आहेत, आणि त्या त्यांच्या नावाजवळ बसू नयेत असं मला वाटतं.

आज हे आठवायचं कारण म्हणजे बराखी पुन्हा उघडली आहे. उन्हाळी कांदा साठवायला आमच्याकडे शेताच्या कडेला जी लांबट, जाळीची, पत्र्याची जागा बांधतात तिला बराखी म्हणतात. एप्रिलमध्ये भरलेला कांदा आषाढ-श्रावणात उघडायचा, सडलेला बाजूला काढायचा, चांगला निवडून गोण्या भरायच्या. पावसाची झड आडवी लागू नये म्हणून बाजूने गोणपाटं बांधलेली असतात. आत उजेड कमी. वरून सालं पडत राहतात, लालसर, कागदासारखी. केसांत, कानांत, चहाच्या कपात. आणि वास. सडक्या कांद्याचा वास एकदा अंगाला लागला की कॉलेजात शेजारी बसलेला मुलगा हळूच सरकून बसतो. गेल्या वर्षी मला त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही असं लिहिलं तर ते खरं होणार नाही, कमी वाटते.

गेल्या वर्षी सरांनी आम्हा सहाजणांना एकेक कादंबरी दिली होती. नुसतं वाचून चालणार नव्हतं. ती कोणाला तरी सांगायची, ऐकणाऱ्याला काय आवडलं, काय खटकलं ते लिहून आणायचं, असा तो प्रकल्प होता. बाकीच्यांनी आपापल्या मित्रांना सांगितलं. मला सांगायला बराखीच होती. सकाळचं कॉलेज करून मी दीडच्या एष्टीने ओतूरहून घरी यायचो, भाकरी खायचो आणि गोणी टाकून आईच्या शेजारी कांदा निवडायला बसायचो. गाडीत वाचलेलं प्रकरण हात चालवता चालवता मराठीत सांगायचं, असं ठरलं.

ऐकणाऱ्या मुख्य तिघी. एक माझी आई. दुसरी सगुणामावशी, साठीच्या पुढची, जिला प्रत्येक गोष्टीत शंका. तिसरी शोभाताई. ती आमच्या शेजारच्या दत्ताभाऊची धाकटी बहीण, मला आठ-नऊ वर्षांनी मोठी. लहानपणी तिनेच मला पाढे शिकवले. तिचं सासर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढे डोंगराच्या अंगाला. उन्हाळ्यापासून ती माहेरी होती. बारावी झालेली, तिला नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स करायचा होता. सासरी म्हणाले, जायचं तर जा, पोरगी इथं ठेवून जा. पोरगी, परी, चार वर्षांची, उन्हाळ्यापासून तिकडेच होती. नवरा चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येणारा. तो हो पण म्हणेना आणि नाही पण म्हणेना. शोभाताईने फॉर्म भरला, आणि आषाढ लागता लागता यादीत तिचं नाव लागलं. पंचमीनंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. नाही झाली तर जागा दुसरीला. हे सगळं बराखीत सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणीही त्यावर बोलत नव्हतं.

आणि माझ्या हातात आलेली कादंबरी अशी: अमेरिकेत कुठेतरी सपाट, थंड मुलूख. नजर जाईल तिथवर गव्हाची शेतं आणि वारा. तिथली एक बाई घर सोडून शहरात काम शिकायला जाते, आणि सात वर्षांचा मुलगा सासूकडे ठेवून जाते. हा योगायोग होता. सरांनी चिठ्ठ्या टाकून पुस्तकं वाटली होती.

मी पहिलं प्रकरण सांगितलं तेव्हा शोभाताईने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि हातातला कांदा गोणीत टाकला. मी घाबरलो. पण थांबायचं कसं ते मला कळलं नाही.

पुस्तकातली बाई एक जुना ट्रक चालवायची, म्हणून सगुणामावशीने तिचं नाव ‘गाडीवाली’ ठेवलं. तिच्या मुलाचं झालं ‘बाळ्या’. मूळ नावं दोन दिवसांत मीसुद्धा विसरलो.

“तिकडं भांडी कोण घासतं?” मावशीने विचारलं.

“मशीन असतं.”

“आन कपडे?”

“त्यालाही मशीन.”

“मंग बाईला दुख कशाचं?”

“मावशे, तुझ्याकडं मशीन असतं तर तू काय नाचली असती का?” आई म्हणाली.

“नाचले नसते. पर बसले असते जरा.”

एका प्रकरणात काहीच घडत नाही. गाडीवाली शहरातल्या भाड्याच्या खोलीत एक कप धुते. दीड पान नुसता कप. पाणी गार आहे, कपाच्या कडेला टवका उडालाय, ती तो पुन्हा धुते, पुसते, पुन्हा धुते. मला वाचताना कंटाळा आला होता. परीक्षेला आलं तर काय लिहायचं, असा विचार करत मी ते दोन वाक्यांत उरकलं. सगुणामावशीने हात थांबवला.

“किती वेळा धुतला म्हनला?”

“तीनदा.”

“रडत व्हती ती,” मावशी म्हणाली.

मी पुस्तक उघडून पाहिलं. रडण्याचा शब्द कुठे नव्हता. पुढच्या पानावर नव्हता, मागच्याही नाही. पण तीस पानांनंतर त्या बाईची मैत्रीण तिला म्हणते, तू कप धुवायला लागलीस की मला भीती वाटते. मी ते वाचलं तेव्हा एष्टी ओतूरच्या स्टँडवर उभी होती, आणि मला एकदम बराखीत जाऊन मावशीला सांगावंसं वाटलं. माझ्या प्रकल्पाच्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे: लेखिकेने जे लिहिलं नाही ते सगुणामावशीला ऐकू आलं. सरांनी त्याच्याखाली लाल रेघ मारली. चूक म्हणून की बरोबर म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही.

असे दहा-बारा दिवस गेले. मी त्यांना काही शिकवत नव्हतो. मी फक्त शब्द आणत होतो, आणि त्या शब्दांत काय आहे ते त्या मला सांगत होत्या. मोठी लेखिका म्हणजे काय, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. एवढं सांगू शकतो, की ज्या बाईने कधी कांद्याची बराखी पाहिली नसेल तिने लिहिलेलं आमच्या बराखीत बसलं, आणि कोणाला परकं वाटलं नाही.

मग शेवटाजवळचं ते प्रकरण आलं.

गाडीवालीचं शिक्षण पुरं झालेलं आहे. दुसऱ्या दिवशी कामावर रुजू व्हायचंय. ती ट्रक घेऊन आपल्या जुन्या घराच्या रस्त्याला येते. खिडकीत मुलगा बसलेला दिसतो, टेबलावर मान घालून चित्र काढतोय. ती ट्रक थांबवत नाही. वेग कमी करते, आणि निघून जाते. पुढे मुलगा तिला भेटतो तो अकरा वर्षांनी. तोच तिचा पत्ता शोधत येतो.

हे मी गाडीत दोनदा वाचलं. बराखीत आलो, बसलो, सांगायला लागलो. ट्रक रस्त्याला लागला. खिडकी दिसली. बाळ्या दिसला. शोभाताईचे हात थांबलेले होते. एक कांदा तिने दोन्ही हातांत धरून ठेवला होता. आईने माझ्याकडे पाहिलं. आईच्या त्या बघण्याचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे: मोठ्या माणसांसमोर जपून बोल.

“मंग?” शोभाताई म्हणाली.

आणि मी म्हणालो, “तिने गाडी वळवली. दारात उभी केली. पोराला उचलून घेतलं.”

“कोणी बोलवलं व्हतं का तिला?” शोभाताईने विचारलं.

“नाही. आपली आपण गेली.”

“बरं झालं बाई,” सगुणामावशी म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ.

मी हे का केलं ते पुष्कळदा स्वतःला विचारलंय. मला वाटलं, ती रडेल. मला वाटलं, तिच्यासमोर असं सांगणं म्हणजे तिला जा म्हणण्यासारखं होईल, आणि एवढं मोठं बोलायचं माझं वय नाही. आमच्याकडे कीर्तन असो की मैताला गेल्यावरची बोलणी, समोर कोण बसलंय ते पाहून माणूस शब्द मऊ करतो. त्याला कोणी खोटं म्हणत नाही. मीही तेच केलं. फक्त माझ्यासमोर जी बसली होती तिला चौदा दिवसांत एक गोष्ट ठरवायची होती, हे मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी ती बराखीत आली नाही. सकाळच्या एष्टीने सासरी गेली होती, एक पिशवी घेऊन. दत्ताभाऊलाही सांगितलं नव्हतं.

माहेरी राहिलेली बाई कोणी न्यायला आल्याशिवाय सासरी जात नाही. तिकडून दीर येतो, सासरा येतो, चहा होतो, चार शब्द इकडचे-तिकडचे होतात, मग ती जाते. तेवढाच तिचा मान. शोभाताई बोलावणं न येता गेली, तेव्हा गावात दोन-तीन दिवस तोच विषय होता. दत्ताभाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “मला इचारलं का तिनं? आपल्या पायानं गेली, आता आपल्या पायानं यील. मी काय न्यायला जायचो नाय.”

मी आत होतो. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. मला बाहेर जाता आलं नाही.

चार दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही. कॉलेजात लक्ष लागेना. तिचा फोन लागत नव्हता; तिकडे पावसाळ्यात रेंज अशी येते-जाते. पाचव्या दिवशी बराखीत आई आणि मी दोघंच होतो. मी खाली मान घालून सांगितलं.

आईने हातातलं काम सोडलं नाही. “मंजी ती बाई परत गेलीच नाय?”

“नाही.”

“आन पोरगं?”

“अकरा वर्षांनी भेटलं.”

मग आई म्हणाली, “पंचमी कवा हाये?”

“चार दिवसांनी.”

“तू मुराळी म्हणून जा.”

पंचमीला सासरच्या लेकीला माहेरी आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. सख्खा नसला तर चुलत, तोही नसला तर आळीतला. सणाच्या नावाने आलेल्या मुराळ्याला कोणी दारातून परत लावत नाही, ही जुनी रीत आहे. आईने ती बरोबर ओळखली. पंचमीला माहेरी आली की चौथ्या दिवसापर्यंत ती आमच्या हाताशी राहणार होती. पुढचं तिचं ती ठरवील.

“पर आदी तिला खरं सांग,” आई म्हणाली. “न्यायच्या आदी.”

जुन्नरहून घोडेगाव, तिथून पुढची गाडी. डोंगराकडे सरकेल तसा पाऊस दाट होत गेला. भातखाचरांत लावणी झालेली, पाणी काठोकाठ. खिडकीची काच खाली-वर होत नव्हती, त्यामुळे डावा हात ओला. पिशवीत आईने दिलेल्या करंज्या आणि कादंबरी. कादंबरी कशाला घेतली ते मला माहीत नाही. तिला असलं इंग्रजी वाचता येत नव्हतं. पुरावा म्हणून असेल.

घराच्या ओसरीत दोरीवर ओले कपडे वाळत घातलेले. शोभाताई खाली बसून परीचे केस विंचरत होती. मला पाहून तिच्या हातातली फणी थांबली, पण ती उठली नाही. सासूने पाणी दिलं. बारीक, काटक बाई, डोक्यावरचा पदर घट्ट.

“पावणं कुठलं म्हणायचं?”

“माहेरचा. पंचमीला न्यायला आलोय.”

“सख्खा भाऊ कुठंय?”

“त्याचं काम निघालं.”

सासू हसल्यासारखी झाली. “काम. बरं. चहा टाकते,” म्हणून आत चुलीकडे गेली.

मी लगेच बोलायला लागलो. चहा येण्याच्या आत संपवायचं होतं. खिडकी, मुलगा, न थांबलेला ट्रक, अकरा वर्षं. ती ऐकत होती आणि परीच्या केसांचे तीन पेड करत होती, एकावर एक, न चुकता. माझं संपलं तेव्हा वेणी संपली होती.

“मला का नाय सांगितलंस?”

“मला वाटलं तू रडशील.”

“रडले असते. मंग?” तिचा आवाज वाढला नाही. “पोरीला बघायला मी आलेच असते, तुझ्या गोष्टीबिगर आले असते. पर दोन रात्री मी तेच धरून बसले व्हते. येवढी शिकलेली, गाडी चालवणारी बाई, ती माघारी वळली. मंग आपण कोण. तू माझं भलं नाय केलंस. मला गप केलंस.”

मी पिशवीतल्या करंज्या काढून परीपुढे ठेवल्या.

तेवढ्यात सासू दारात उभी दिसली, हातात चहाचे दोन पेले. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

“पोरगं कोणाकडं वाढलं?” तिने मला विचारलं.

“आजीकडे. बाईच्या सासूकडे.”

“अकरा वरीस?”

“हो.”

“आन म्हातारीनं येकदा पन नेलं नाय त्याला आईकडं? अकरा वर्सात?”

मी आठवून पाहिलं. कादंबरीत तसं काही नव्हतं. “नाही.”

तिने पेले खाली ठेवले आणि आत गेली. चुलीत फुंकर मारल्याचा आवाज आला, बराच वेळ, जाळ नीट असतानाही.

“चलतेस ना?” मी शोभाताईला विचारलं.

“यंदा नाय येत मी पंचमीला,” ती म्हणाली. परी तिच्या मांडीवरून मला करंजी दाखवत होती.

मुराळी एकटा परत आला की गावात लपत नाही. एष्टीतून उतरल्यावर पारावरच्या लोकांनी आधी माझ्यामागे कोणी उतरतंय का ते पाहिलं, मग माझ्याकडे. “काय राव, लेक कुठं ठिवली?” एकजण म्हणाला. मी हसायचा प्रयत्न केला.

त्यानंतरचे दिवस मला सर्वांत जास्त आठवतात, आणि त्यांत काहीही घडलेलं नाही. पंचमीला आळीतल्या बायका झोक्यावर होत्या. आईने पुरणाची दिंडं केली, मी दोनच खाल्ली. मनात एकच चालायचं. आधी खोटं सांगून मी तिला परत धाडलं. आता खरं सांगितलं, तेही सासूच्या कानावर. आई एकदा गेली की पोराला अकरा वर्षं दिसत नाही, असं मीच त्यांच्या घरात जाऊन सांगून आलो. आता कोणती सासू सुनेला जाऊ देईल? लेखिकेने ते अकरा वर्षांचं वाक्य किती जपून लिहिलंय, पोराच्या नजरेतून, आईला दोष न देता. मी ते चहा येण्याच्या आत उरकलं. पुस्तक तेच, पण ओसरीत सांगताना ते हातातून सुटलं.

शेवटचा दिवस. आम्ही बराखीतच होतो. मी मोबाईल गोणीवर उलटा ठेवला होता, दर थोड्या वेळाने सुलटा करून बघायचो. तीन. चार. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की बोलायचं तर ओरडावं लागलं असतं. पाच वाजले. आईने पदर झटकला, सालं खाली पडली. ती म्हणाली, “झालं.” कशाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

पुढे सहा दिवस काहीच नाही. मी गोष्ट सांगणं बंद केलं होतं. एका दुपारी सगुणामावशी म्हणाली, “येखादी हसायची कादंबरी नाय का रं तुझ्या कॉलेजात?” मी नाही म्हणालो. मग ती जवळ सरकली. “गाडीवाली थांबली नव्हती ना?”

“तुला कसं कळलं?”

“जी बाई कप तीनदा धुते ती गाडी वळवंल व्हय,” ती म्हणाली, आणि आपल्या गोणीकडे वळली. “मला त्याच दिशी कळलं व्हतं. बोलायला पायजे व्हतं मी.”

प्रकल्पाच्या वहीत मी तेही लिहिलं. सरांनी विचारलं, वाचकांना शेवट पटला का? मी लिहिलं, अजून माहीत नाही. त्यांनी वही परत दिली, म्हणाले, उत्तर अपुरं आहे. मी म्हणालो, हो सर.

सातव्या दिवशी दुपारी दत्ताभाऊ बराखीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. टोपीवरून पाणी गळत होतं. तो आमच्यापैकी कोणाकडे न बघता, वरच्या आढ्याकडे बघत बोलला.

“शोभीचा फोन आला व्हता. हॉस्टेलवरनं, कोणाच्यातरी मोबाईलवरनं. त्या दिशी पावणेपाचला हजर झाली म्हणं. तिकडं रेंज नव्हती, म्हणून कळवता आलं नाय.”

आईने विचारलं, “कोण गेलतं संगं?”

“सासू. पोरीला कडेवर घिऊन आलती. आन तिथल्या बाईला इचारून गेली, का भेटायचा वार कोणता, दर हप्त्याला आणलं तर चालंल का.”